कॉलरमागची पट्टी : शिकागोच्या 'मार्शल फील्ड'ची गोष्ट

आज एका छोट्या पट्टीपासून सुरुवात करू. आपल्या शर्टाच्या कॉलरमागे, आतल्या बाजूला शिवलेली असते ना, तीच. तिच्यावर नाव कुणाचं असतं? कापड विणणाऱ्याचं, शिवणाऱ्याचं, की विकणाऱ्याचं?

शिकागोत अनेक वर्षं त्या पट्टीवर मोठ्या अक्षरात नाव असायचं ते विकणाऱ्याचं. १८५२ मध्ये पॉटर पामर यांनी तिथं दुकान काढलं. माल पसंत पडला नाही तर परत घ्यायचा, ही त्यांची रीत. १८६५ मध्ये मार्शल फील्ड आणि लेव्हाय लायटर त्यात आले. १८७१ च्या प्रचंड आगीत दुकान जळालं, धंदा मात्र टिकला. १८८१ मध्ये लायटर बाहेर पडले आणि 'मार्शल फील्ड अँड कंपनी' हे नाव रूढ झालं.

आता बघा, शिवणारा कारखाना गिऱ्हाइकाला ठाऊक नसायचा. शिवण उसवली तर जायचं कुठे? पट्टीवर नाव आहे तिथे! म्हणजे ही पट्टी एक प्रकारची हमीच होती. १९४१ मध्ये याच दुकानात उंची कपड्यांचं '२८ शॉप' सुरू झालं. तिथल्या कपड्यांवर त्या दालनाचं वेगळं लेबल असे. एकाच छपराखाली, पण प्रतिष्ठा वेगळी.

जुन्या कपड्यांचे संग्राहक आज याच पट्ट्यांवरून काळ ओळखतात. अमेरिकेत कपडा कसा धुवायचा हे लेबलवर लिहिणं १९७२ पासून सक्तीचं झालं. ती सूचना नसेल, तर कपडा बहुधा त्याआधीचा. शेजारी महिला-वस्त्र कामगारांच्या संघटनेचं लेबल असेल, तर शिवणारे हातही थोडेसे दिसतात.

पुढे दुकानाचे मालक बदलत गेले. २००५ मध्ये ते फेडरेटेड कंपनीकडे गेलं आणि ९ सप्टेंबर २००६ रोजी पाटी बदलली : 'मेसीज'. लोकांनी दुकानाच्या प्रसिद्ध घड्याळाखाली निदर्शनं केली. बाहेरच्यांना नवल वाटलं. इमारत तीच, घड्याळ तेच, मग तक्रार कसली?

तक्रार नावाची होती, बरं का. गिऱ्हाईक ज्या नावाकडे परत जात होतं, तेच गेलं. शिकागोतल्या कपाटांत आजीचे कोट अजून असतील. त्यांच्या कॉलरमागे ते नाव तसंच आहे. उसवलं तर मात्र आता त्या नावाचं दार कुठेच नाही.