जुनी मिल, मिलो आणि अमेरिका

आपल्या महाविद्यालयांत अमेरिका भेटते ती बहुधा इंग्रजीच्या एम.ए.ला, एका पेपरापुरती. हॉथॉर्न, व्हिटमन, फॉकनर, आर्थर मिलर वाचायचे आणि परीक्षेला बसायचे. इतिहासवाले तिचे स्वातंत्र्ययुद्ध शिकवतात, राज्यशास्त्रवाले तिची घटना, अर्थशास्त्रवाले १९२९ची मंदी. प्रत्येक विभागाने आपापला तुकडा सांभाळलेला असतो. हे तुकडे जुळवून एक समाज म्हणून अमेरिका पाहण्याचे काम कोणत्याच विभागाचे नसते, म्हणून ते होत नाही.

खुद्द अमेरिकेतही ही अडचण होती. १९३०च्या दशकात हार्वर्ड आणि येल येथे साहित्य, इतिहास व विचार यांचा एकत्र अभ्यास सुरू झाला. या नव्या विषयातली हार्वर्डची पहिली डॉक्टरेट १९४० साली हेन्री नॅश स्मिथ यांना मिळाली. त्यांच्या १९५०च्या ‘व्हर्जिन लँड’ या ग्रंथात पश्चिमेकडच्या ‘मोकळ्या’ जमिनीचे अमेरिकन स्वप्न उलगडले आहे. त्यासाठी त्यांनी राजकीय भाषणे आणि जमिनीविषयीची धोरणे वाचलीच, शिवाय स्वस्त साहसकथाही तितक्याच गंभीरपणे वाचल्या. अभिजात काय आणि बाजारू काय, समाजाच्या मनाचा पुरावा दोन्हीकडे सापडतो, ही त्यामागची भूमिका होती.

मराठी वाचकाला मात्र ही पद्धत त्याआधी अर्धशतक माहीत व्हायला हरकत नव्हती. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी पंडिता रमाबाई मार्च १८८६मध्ये फिलाडेल्फियाला पोहोचल्या आणि पुढे अडीच वर्षांहून अधिक काळ त्या देशात हिंडल्या. १८८९ साली मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून त्यांचे ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ बाहेर पडले. नावात प्रवासवृत्त असले, तरी पुस्तकाचा भर लोकस्थितीवर आहे. राज्यव्यवस्था, घरसंसार, शिक्षण, धर्मपंथ आणि दानधर्म, स्त्रियांची स्थिती, व्यापार-उद्योग अशी त्याची प्रकरणे आहेत. स्त्रियांच्या संघटनांचे मनापासून कौतुक करणाऱ्या रमाबाई मूळ रहिवासी आणि काळे लोक यांच्यावरच्या अन्यायाकडे डोळेझाक करीत नाहीत. त्याच्याही आधी, १८७३मध्ये, जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामीविरोधकांना अर्पण केली, तेव्हा दोन समाजांच्या तुलनेचा पाया घातला गेलाच होता.

मग १९१३ साली भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. त्यांनी निवडलेल्या अभ्यासक्रमांची यादी पाहावी : अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानवशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी जातिसंस्थेवर निबंध वाचला. आज ज्याला आंतरविद्याशाखीय म्हणतात, तसा अभ्यासक्रम या विद्यार्थ्याने स्वतःच बांधून घेतला होता. रमाबाई आणि आंबेडकर यांना एकाच विषयाच्या चौकटीत अमेरिका मावणारी नव्हती, कारण दोघेही आपल्या समाजाचे प्रश्न बरोबर घेऊन तिथे गेले होते.

रुपयांतली अमेरिका

स्वातंत्र्यानंतर अमेरिका हा विषय आपल्या विद्यापीठांत आला तो निराळ्या वाटेने. १९५०च्या फेब्रुवारीत भारत आणि अमेरिका यांच्यात शैक्षणिक देवाणघेवाणीचा फुलब्राइट करार झाला. १९६४ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठाच्या आवारात अमेरिकन स्टडीज रिसर्च सेंटर उभे राहिले. सोलापूरहून रेल्वेने काही तासांच्या अंतरावरचे हे ग्रंथालय दोन-तीन पिढ्यांच्या प्राध्यापकांना आधार होते. देशभरचे संशोधक तिथे महिना-महिना राहून प्रबंध पुरे करत. तिथे राजकारण आणि इतिहासावरही काम झाले, पण मोठा भरणा इंग्रजी साहित्यवाल्यांचाच राहिला. शीतयुद्ध संपले, पैशाचा ओघ आटला आणि केंद्राचे वैभवही ओसरले.

तो पैसा कुठून येत होता, याचे उत्तर शिधापत्रिकेपाशी सापडते. ऑगस्ट १९५६च्या पीएल ४८० करारानुसार भारताने अमेरिकन धान्याची किंमत रुपयांत चुकवायची होती. हे रुपये भारतातच साठत गेले आणि त्यांतला काही भाग शिक्षण व पुस्तकांवर खर्च झाला. साठा इतका फुगला, की फेब्रुवारी १९७४मध्ये अमेरिकेचे राजदूत मॉयनिहन यांनी १,६६४ कोटी रुपयांचा धनादेश भारत सरकारला परत दिला.

सोलापूरकरांच्या आठवणीत मात्र अमेरिका धनादेशाच्या रूपात नाही. ती मिलोच्या रूपात आहे. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीवर पोसलेल्या जिल्ह्याने टंचाईच्या वर्षांत रेशनवरची लाल अमेरिकन ज्वारी, म्हणजे मिलो, खाल्ली. तिकडे हीच ज्वारी मुख्यतः जनावरांना घालतात, हे कळल्यावर घास आणखी कडू झाला. काँग्रेस गवतही अमेरिकन गव्हातूनच आले, असे आपल्याकडे सर्रास सांगतात. पण वनस्पतिशास्त्रज्ञ आर. एस. राव यांनी पुण्यातल्या या गवताची नोंद १९५६ सालीच प्रसिद्ध केली, म्हणजे ज्या वर्षी करार झाला त्याच वर्षी. तारखा जुळवल्या की लोकसमजूत डळमळते. तरी ती इतकी घट्ट का रुजली, हा प्रश्न उरतोच. तो सोडवायला वनस्पतिशास्त्र, इतिहास आणि लोकसाहित्य असे तिन्ही विभाग लागतील.

सोलापूरचा पुरावा

सोलापुरात असे विषय पावलोपावली आहेत. १८६०मध्ये रेल्वे इथवर आली आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली, लँकेशायरच्या गिरण्या कापसाला मोताद झाल्या आणि दख्खनच्या कापसाला सोन्याचे मोल आले. १८६५ला युद्ध थांबताच मुंबईचा बाजार कोसळला. त्यानंतरच्या दशकात सोलापुरात ‘जुनी मिल’ उभी राहिली. मिसिसिपीच्या मळ्यातला गुलाम आणि सोलापूरचा गिरणी कामगार यांचा इतिहास कापसाच्या या धाग्याने बांधलेला आहे.

त्याच १८६०च्या दशकात अमेरिकन मराठी मिशनने सोलापुरात ठाणे मांडले. मेरी हार्डिंग यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी इथे किंडरगार्टनचे शिक्षण रुजवले. याच मिशनकडे काही काळ ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींच्या, तारेच्या कुंपणातल्या सेटलमेंटचा कारभारही होता. कायदा ब्रिटिशांचा. सुधारणेची भाषा मात्र अमेरिकन प्रोटेस्टंट वळणाची. अमेरिकेत मूळ रहिवाशांची मुले आईबापांपासून तोडून १८७९पासून कार्लाइलच्या निवासी शाळेत ‘सुधारली’ जात होती. दोन्हीकडे शिस्त, कष्ट आणि प्रार्थना यांवर भर होता. ही तुलना कुणा विद्यार्थ्याने बारकाईने केली, तर कार्लाइल आणि सोलापूर दोन्हीही नव्याने कळतील.

कागदपत्रांचीही वाण नाही. मिशनच्या बोस्टनमधील मूळ संस्थेचे दप्तर हार्वर्डच्या ह्यूटन ग्रंथालयात आहे. ते वाचताना एक सावधगिरी हवी. देणगीदारांची दया जागवणे हा त्या अहवालांचा एक हेतू होता, म्हणून त्यांतले सोलापूर वास्तवापेक्षा दीनवाणे दिसते. उलटतपासणीसाठी इथल्या भटक्या-विमुक्तांच्या कुटुंबांतल्या आठवणी, गिरणीची दप्तरे आणि सरकारी गॅझेटिअर हाताशी घ्यावे लागेल.

आता नव्या शैक्षणिक धोरणाने विषयांच्या भिंती उतरवल्या आहेत. २००४ साली स्थापन झालेले सोलापूरचे विद्यापीठ तर एकाच जिल्ह्याचे आहे, त्यामुळे असा अभ्यासक्रम आखणे त्याला सोपे जावे. त्यात एका सत्रात कापूस, दुसऱ्यात मिशन व सेटलमेंट, तिसऱ्यात धान्य आणि शीतयुद्ध, चौथ्यात रमाबाई, आंबेडकर व आजचे स्थलांतर ठेवता येईल. हॉथॉर्न आणि फॉकनर त्यात राहतीलच; उलट गुलामी आणि कापूस समजलेल्या विद्यार्थ्याला फॉकनर अधिक भिडेल.

आज घरोघरची मुले तिकडे जातात. व्हिसा, पगार, फी यांची माहिती सगळ्यांना असते. त्या समाजाचे मन कसे घडले, याची मात्र फारच थोड्यांना. रमाबाईंनी हे काम मराठीत, मराठी वाचकासाठी आणि कुणाचे मिंधे न होता केले होते. कोणत्याही अमेरिकन केंद्राच्या अनुदानाची वाट न पाहता सोलापूरला ते पुढे नेता येईल.