मृगाआधी टिनाचं आढं तपासा : रिज पत्रा कसा बसवावा



बऱ्याच घरी पेरणीचं घरचं सोयाबीन बियाणं टिनाखाली थप्पी लावून ठेवलं आहे. टिन बहुधा मधून गळत नाही, गळतं ते आढ्यावर, जिथे दोन्ही पाख्यांचे पत्रे भेटतात. तिथल्या रिज पत्र्याची फट आत्ता दिसत नाही. पहिल्या वादळी पावसात तिथून पाणी येतं आणि नेमकं पोत्यांवर पडतं.

*आधी तपासणी :* भर दुपारी दार लावून अंधार करा आणि वर पाहा. आढ्याच्या रेषेत उजेड दिसला की तिथून पाणी येणार. आढ्याखालच्या पाईपावर गंजाचे ओघळ दिसले तर गळती जुनी आहे.

*रिज बसवताना :*

1. पावसाळ्यात आपल्याकडे वारा बहुतेक पश्चिम-नैऋत्येकडून येतो. म्हणून आढं पूर्व-पश्चिम असेल तर पूर्व टोकाकडून सुरुवात करा आणि पुढचा तुकडा आधीच्यावर चढवत पश्चिमेकडे या. आढं दक्षिण-उत्तर असेल तर उत्तरेकडून सुरू करा. असं केलं की सांध्याचं तोंड वाऱ्याकडे राहत नाही.

2. दोन तुकड्यांचा सांधा किमान 6 इंच चढवा. मध्ये सिलिकॉनची पट्टी द्या. रिजची बाजू दोन्ही पाख्यांवर किमान 6 इंच यायला हवी.

3. रिज ठेवण्याआधी खालच्या पत्र्याची पन्हळ वरच्या टोकाला पकडीने थोडी वर वाकवा. वाऱ्याने वर ढकललेलं पाणी तिथेच अडतं.

4. स्क्रू पन्हळीत मारू नका, उंचवट्यावर मारा. पाणी पन्हळीतून वाहतं, तिथलं छिद्र गळणारच. स्क्रू खालच्या पाईपात पकडला पाहिजे, नुसत्या पत्र्यात नाही.

5. प्रत्येक स्क्रूला रबरी वॉशर हवाच. रबर थोडं दबलं की थांबा. जास्त आवळलं तर रबर फाटतं.

*फटीत सिमेंट भरू नका.* 3 मीटरचा लोखंडी पत्रा 40 अंशांच्या फरकाने साधारण दीड मिलिमीटर लांबतो. दिवसा तापतो, रात्री आखडतो. सिमेंट त्याच्यासोबत हलत नाही, म्हणून तडकतं. सिलिकॉन लवचिक असतं, ते टिकतं.

*जीव सांभाळा :* काम सकाळी लवकर करा, दुपारी पत्र्याला हात लागत नाही. वारा सुटला की खाली उतरा. सिमेंटच्या पत्र्यावर थेट पाय देऊ नका, तो अचानक फुटतो. दोन पाईपांवर टेकेल अशी जाड फळी टाका. कमरेला दोर बांधा, खाली एक माणूस ठेवा. वरून विजेची तार जात असेल तर लांब पत्रा उभा करू नका.

*बियाण्यासाठी :* काम होईपर्यंत थप्पी आढ्याखालून बाजूला घ्या. पोती जमिनीवर नको, लाकडी फळ्यांवर ठेवा. एखादं पोतं भिजलं असेल तर ते वेगळं काढा. त्यातले 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण पाहा. 70 पेक्षा कमी उगवले तर ते बियाणं म्हणून पेरू नका.

तुमच्या आढ्याबद्दल शंका असेल तर आतून एक आणि बाहेरून एक फोटो काढून याच नंबरवर पाठवा.

– आपली शेतकरी उत्पादक कंपनी, आसेगाव