बारामती-इंदापूरची दीड कोटी पुस्तकं

मोजायला सुरुवात फक्त १५० पासून करू! १८०३ साली अमेरिकेतल्या सॅलिसबरी गावच्या मुलांसाठी केलेब बिंगहॅम यांनी १५० पुस्तकं दिली. पुस्तक एक सेंटिमीटर जाड धरा. चळत होते पाच फुटांची, सातवीतल्या पोराएवढी. मुलांच्या ग्रंथालयाची सुरुवात एवढीशी!

आता बडोद्याला या. मालेगावजवळच्या कवळाण्याचा एक मुलगा. बाराव्या वर्षापर्यंत अक्षरओळख नाही. तोच दत्तक जातो, सयाजीराव गायकवाड होतो आणि १९१० साली अमेरिकेहून बॉर्डन नावाचा ग्रंथपाल बोलावून घेतो! मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांना वेगळी खोली मिळते, पुस्तकांसोबत खेळही. पुस्तकांच्या लाकडी पेट्या खेडोपाडी फिरू लागतात. तीसेक वर्षांत संस्थानात ग्रंथालयं किती झाली? हजाराच्या वर! लोकसंख्या सुमारे २५ लाख. ५० एसट्या भरतील एवढ्या माणसांमागे एक ग्रंथालय! हाच हिशेब बारामती आणि इंदापूर तालुक्यांना लावा. २०११ च्या जनगणनेत दोन्ही मिळून ८ लाख माणसं, म्हणजे ३२० ग्रंथालयं!

थांबा, खरी गंमत पुढेच आहे. दोन्ही तालुक्यांतली शाळकरी मुलं दीड लाख धरू. प्रत्येकाला एकच पुस्तक दिलं, तरी चळत दीड किलोमीटर उंच. पन्नास फुटी १०० विहिरी एकाखाली एक खणा, तेवढी! पण एका पुस्तकावर बालपण भागतं का? वर्षाला १० हवीत, दहा वर्षांत १००. झाली दीड कोटी पुस्तकं! खेटून उभी लावत निघालात तर रांग १५० किलोमीटर: मुंबईहून बोरघाट चढून थेट पुण्यात! एकेक २०० ग्रॅमचं म्हटलं, तरी वजन ३,००० टन. ६० टनी ५० वाघिणींची अख्खी मालगाडी! पुस्तकाला ५० रुपये धरले तर ७५ कोटी! १०८ रामायणं रचणाऱ्या मोरोपंतांच्या बारामतीचीही छाती दडपावी.

आणि इथेच ग्रंथालयाची जादू. घरचं पुस्तक एकानं वाचायचं, ग्रंथालयातलं पन्नासांनी. दीड कोटींची झाली ३ लाख! मालगाडीतली उरली एकच वाघीण, कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या तीन ट्रॅक्टरांएवढा भार. ७५ कोटींचे उरले दीड कोटी. ते दहा वर्षांत आणि दीड लाख मुलांत वाटा. एका मुलामागे वर्षाला १० रुपये. इंदापूरच्या स्टँडवरचा एक चहा.