डोक्यानं थंडर, मनानं पेसर्स

परीक्षेच्या दिवशीही साडेसातच्या आत न उठणारी आमची हॉस्टेलची खोली एप्रिल अर्धा सरला की पहाटे साडेपाचला जागी होते. अभ्यासाला नाही. अमेरिकेत तेव्हा आदल्या रात्रीचे आठ वाजलेले असतात आणि एनबीएच्या प्ले-ऑफ्सची मॅच सुरू होत असते. एक लॅपटॉप, त्याच्याभोवती पाच डोकी, आवाज बंद (रेक्टर सर खालच्याच मजल्यावर राहतात) आणि कपाटाच्या दारावर सेलोटेपनं चिकटवलेला एक भलामोठा कागद.

गोष्ट त्या कागदाची आहे.

ज्यांना हे प्रकरण नवीन आहे, त्यांच्यासाठी थोडक्यात. एनबीएत ३० संघ. पूर्व आणि पश्चिम असे दोन गट. प्रत्येकाच्या ८२ मॅचेस झाल्या की दोन्ही गटांतले आठ-आठ संघ प्ले-ऑफ्समध्ये जातात. पहिला आठव्याशी खेळतो, दुसरा सातव्याशी, असं करत करत चार फेऱ्या. प्रत्येक मालिका सात सामन्यांची, आधी चार जिंकेल तो पुढे. एकूण १५ मालिका. पुढच्या फेरीत कोणाची गाठ कोणाशी पडू शकते हे आधीच ठरलेलं असतं, त्यामुळे पहिला चेंडू हवेत उडायच्या आधी अख्खा तक्ता भरून टाकता येतो. यालाच 'ब्रॅकेट' म्हणतात आणि जगभरचे बास्केटबॉलवेडे एप्रिलमध्ये हेच करत बसलेले असतात. नुसते १५ विजेते लिहायचे म्हटले तरी ३२,७६८ वेगवेगळे तक्ते होतात. कोण किती सामन्यांत जिंकणार हेही लिहायचं ठरवलं, तर आकडा ३५ लाख कोटींच्या वर जातो. आमच्या नांदेडकरानं व्हायव्हाच्या आदल्या रात्री हे गणित सोडवलं होतं. व्हायव्हाचं विचारू नका.

आमचे नियम साधे. पहिल्या फेरीतल्या बरोबर उत्तराला एक गुण, मग दोन, मग चार आणि विजेता ओळखला तर आठ. पैसे लावायचे नाहीत. जिंकणाऱ्याच्या मिसळीचं बिल बाकीच्या चौघांनी भरायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तक्ता पेननं भरायचा. पेन्सिल चालणार नाही, खाडाखोड चालणार नाही.

माणूस ब्रॅकेट कसं भरतो यावरून तो कसा आहे ते कळतं, असं माझं ठाम मत झालंय. मी आकडेवाला. २०२५ ला क्लीव्हलंड कॅव्हेलियर्सनं ८२ पैकी ६४ मॅचेस जिंकल्या होत्या, पूर्वेत पहिला नंबर, म्हणून मी त्यांना विजेतं करून टाकलं. कोल्हापूरकर माणसांवर जीव टाकतो. फेब्रुवारीत लुका डॉन्चिचला डॅलसनं लेकर्सकडे पाठवून दिलं, तेव्हा हा दोन दिवस धड जेवला नव्हता. त्यानं डोळे मिटून लेकर्स लिहिलं. आमच्यातला सीनियर दादा, हॉस्टेलमधलं शेवटचं वर्ष, आदल्या वर्षीचे विजेते बॉस्टन सेल्टिक्सच पुन्हा जिंकणार यावर शांतपणे सही करून मोकळा. नांदेडकराला फक्त धक्के हवे असतात. त्यानं विजेता म्हणून सगळ्यात सेफ असा ओक्लाहोमा सिटी थंडर लिहिला खरा, पण पहिल्या फेरीत मायामी हीट क्लीव्हलंडला पाडणार असंही ठोकून दिलं. मायामी ०-४ नं हरली. शेवटची मॅच तर ५५ गुणांनी.

त्याच्या बाजूनं एवढंच म्हणता येईल की धक्के बसतात. फक्त फार क्वचित. बास्केटबॉलमध्ये एका मॅचमध्ये प्रत्येक संघाला जवळपास शंभर वेळा चेंडू घेऊन चढाई करता येते. त्यात वर सात-सात मॅचेस. फुटबॉलसारखा एक गोल मारला आणि नव्वद मिनिटं दार लावून बसलो, असं इथं होत नाही. नशिबाला जागा कमी. म्हणून आठव्या नंबरच्या संघानं पहिल्याला हरवण्याची गोष्ट आजवर फक्त सहा वेळा घडलीय आणि त्या सहाही मालिका फॅन्सना तोंडपाठ असतात. १९९४ ला डेन्व्हरनं सिअॅटलला हरवलं, तेव्हा डिकेम्बे मुटोम्बो चेंडू डोक्यावर धरून जमिनीवर पडून हसत होता, तो फोटो तुम्ही पाहिलाच असेल. २००७ ला ६७ मॅचेस जिंकलेल्या डॅलसला गोल्डन स्टेटनं घरी पाठवलं आणि डर्क नोव्हित्स्कीला वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूची ट्रॉफी संघ बाहेर पडल्यावर घ्यावी लागली. बिचाऱ्याचा चेहरा बघा एकदा. २०२३ ला मायामीनं मिलवॉकीला पाडलं तेच शेवटचं. नांदेडकर त्याच वर्षापासून बिघडला.

भाकितं फक्त फॅन्सच करतात असंही नाही. चार्ल्स बार्कलीसारखा महान खेळाडू टीव्हीवर बसून 'गॅरंटी' देतो आणि ती इतक्या वेळा बोंबलते, की त्यानं आपल्या संघाचं नाव घेतलं की फॅन्सच्या पोटात गोळा येतो. १९८३ मध्ये फिलाडेल्फियाच्या मोझेस मलोननं तीन फेऱ्यांसाठी तीनच शब्द उच्चारले होते, 'चार, चार, चार'. म्हणजे एकही मॅच न हरता सगळं संपवणार. मिलवॉकीविरुद्ध एक मॅच गेली. बाकी सगळं त्यानं म्हटल्यासारखंच झालं आणि विजेतेपदाच्या अंगठीवर 'चार, पाच, चार' कोरून घेतलं गेलं. उलट २०१० मध्ये मायामीत आल्या आल्या लेब्रॉन जेम्सनं भर कार्यक्रमात दोन नाही, तीन नाही, चार नाही असं करत ट्रॉफ्या सातच्याही पुढे मोजल्या. मिळाल्या दोन.

माझी सगळ्यात लाडकी गोष्ट मात्र १९६९ ची. फायनलची सातवी मॅच, लॉस एंजेलिसमध्ये, लेकर्स विरुद्ध सेल्टिक्स. लेकर्सच्या मालकांना विजयाची इतकी खात्री, की त्यांनी स्टेडियमच्या छताला जाळ्यांत हजारो फुगे टांगून ठेवले. जिंकल्यावर फुगे कसे सुटतील, बँड कोणतं गाणं वाजवेल, याचं पत्रकच छापलं होतं. ते पत्रक बॉस्टनच्या बिल रसेलच्या हाती लागलं. रसेल तेव्हा संघाचा कोचही होता आणि खेळाडूही, आणि त्याची ती शेवटची मॅच होती. बॉस्टन १०८-१०६ नं जिंकलं. फुगे वरच राहिले. लेकर्सच्या जेरी वेस्टनं त्या दिवशी ४२ गुण केले होते आणि फायनलचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. हरलेल्या संघातल्या खेळाडूला हा मान मिळाल्याचं ते एकमेव उदाहरण. भाकीत कागदावर करावं, छताला टांगू नये.

आता आमच्यातला पाचवा. मुंबईकर.

ऑक्टोबर २०१९ मध्ये एनबीएचे दोन संघ पहिल्यांदा भारतात खेळले. वरळीच्या डोममध्ये, सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स. किंग्जचे मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचेच. पहिल्या दिवशीची मॅच शाळांमधल्या मुलांसाठी राखलेली होती. आमचा मुंबईकर तेव्हा दहावीत, शाळेच्या संघात. क्लासला दांडी मारून गेला. पेसर्सनं ती मॅच जादा वेळेत १३२-१३१ नं जिंकली आणि हा जो पेसर्सचा झाला तो झालाच. इंडियाना हे राज्य नकाशात कुठं आहे हे त्याला तोवर माहीत नव्हतं. पेसर्सनं एनबीएची ट्रॉफी एकदाही जिंकलेली नाही, हेही नंतर कळलं. म्हणजे घरच्यांनी चौकशी करायच्या आधीच लग्न.

गंमत म्हणजे, मुंबईत एकमेकांशी खेळलेल्या याच दोन संघांनी फेब्रुवारी २०२२ मध्ये आपापसांत मोठी अदलाबदल केली आणि किंग्जचा टायरीस हॅलिबर्टन नावाचा बारीकसा पोरगा पेसर्सकडे आला. ही देवाणघेवाण वरळीतच ठरली होती, असं मुंबईकर सगळ्यांना शपथेवर सांगतो. अजिबात ठरली नव्हती. हॅलिबर्टन २०१९ मध्ये कॉलेजात होता.

आमचा पहिला तक्ता २०२३ चा. पेसर्स प्ले-ऑफ्समध्ये नव्हतेच. मुंबईकरानं विजेत्याची चौकट रिकामी सोडली आणि शेवटचा आला. २०२४ ला पेसर्स आले. त्यानं विजेता म्हणून मोठ्या अक्षरांत पेसर्स लिहिलं. आम्ही हसलो. पेसर्स पूर्वेच्या फायनलपर्यंत पोचले आणि तिथं दादाच्या बॉस्टननं त्यांना ४-० नं झोपवलं. त्यानंतर वर्षभर आम्ही त्याला किती पिडलं, ते आता आठवलं की बरं वाटत नाही. मेसमध्ये चार पोळ्या घेतल्या तरी कोणीतरी 'चार-शून्य' म्हणायचं.

म्हणून २०२५ च्या एप्रिलमध्ये तो शहाणा झाला. थंडरनं ६८ मॅचेस जिंकल्यात, त्यांच्याकडे शे गिल्जस-अलेक्झांडर आहे, बचाव असा की समोरच्याला श्वास घेता येत नाही. सगळं बरोबर. त्यानं पेन उचललं, दुसऱ्या फेरीत पेसर्सच्या पुढे क्लीव्हलंड लिहिलं आणि विजेत्याच्या चौकटीत थंडर. दादा फक्त म्हणाला, "नक्की ना रे?" तो म्हणाला, "या वर्षी मिसळ खायचीय, दादा."

मग जे झालं ते सगळ्या जगानं पाहिलं. मिलवॉकीविरुद्धच्या पाचव्या मॅचमध्ये जादा वेळेत सात गुणांनी मागं, मिनिटही उरलेलं नाही, आणि हॅलिबर्टननं शेवटच्या सेकंदांत जिंकून दिलं. क्लीव्हलंडविरुद्धच्या दुसऱ्या मॅचमध्ये पुन्हा शेवटच्या मिनिटात सातनं मागं, १.१ सेकंद बाकी असताना हॅलिबर्टनचा थ्री. १२०-११९. माझा तक्ता तिथंच फाटला. न्यूयॉर्कमध्ये शेवटच्या तीनेक मिनिटांत १४ गुणांची पिछाडी, आणि हॅलिबर्टननं मारलेला चेंडू रिंगवर आपटून आभाळात गेला आणि सरळ जाळीत उतरला. बरोबरी, मग जादा वेळेत विजय. फायनलच्या पहिल्या मॅचमध्ये थंडरच्या घरी पेसर्स अख्ख्या मॅचमध्ये एकदाच पुढे गेले, ०.३ सेकंद उरलेले असताना. १११-११०. याच हॅलिबर्टनला एप्रिलमध्ये लीगमधल्या खेळाडूंनी निनावी मतदानात 'सगळ्यात जास्त उगाच कौतुक झालेला' ठरवलं होतं. भाकितं करणाऱ्यांत खेळाडूही आलेच की.

प्रत्येक वेळी मुंबईकर उड्या मारायचा, मग कपाटाकडे बघायचा आणि गप्प बसायचा. मी एकदा म्हटलं, "अरे, तुझा संघ जिंकतोय!" तर म्हणाला, "माझा कुठं? मी क्लीव्हलंड लिहिलंय." ते ऐकून पहिल्यांदा मला जाणवलं की हा नुसता मिसळीचा मामला राहिला नाही.

२३ जून, सोमवार. सातवी मॅच. दादा सामान बांधून बसलेला, दुपारी त्याची गाडी होती. मुंबईकर जुना पिवळा टी-शर्ट घालून. हॅलिबर्टनची पोटरी आधीच दुखावलेली, तरी सात मिनिटांत तीन थ्री. आणि मग पहिल्याच क्वार्टरमध्ये तो झेपावताना कोसळला. कोणी धक्काही मारला नव्हता. टाचेवरची अकिलीसची शीर तुटली होती. जमिनीवर हात आपटत होता, आणि आवाज बंद असूनही तो काय ओरडतोय ते कळत होतं. आमच्या खोलीत कोणी हललं नाही. हाफटाइमला पेसर्स ४८-४७ नं पुढे होते. तेव्हाही कोणी काही बोललं नाही. तिसऱ्या क्वार्टरमध्ये थंडरनं दोर कापले. १०३-९१.

गुण मोजायचं काम माझ्याकडे असतं. विजेता ओळखलेले दोघंच होते, मुंबईकर आणि नांदेडकर, आणि नांदेडकर पहिल्या फेरीतल्या धक्क्यांपायी कधीच मागं पडला होता. मुंबईकर पहिला. तीन वर्षांत पहिल्यांदाच.

"मी बरोबर होतो रे," तो म्हणाला. "तेच तर वाईट वाटतंय. हरलो असतो तर निदान त्यांच्यासोबत हरलो असतो."

यावर मी त्याला आकडेवाल्याचं उत्तर दिलं. तू पेसर्स लिहिलं असतंस तरी पेसर्स हरलेच असते, कागदाचा आणि हॅलिबर्टनच्या टाचेचा काय संबंध? माझं अजूनही तेच म्हणणं आहे. पण कोल्हापूरकर माझ्याकडे असा बघत होता, की पुढचं वाक्य मी गिळलं. त्याचे लेकर्स पहिल्याच फेरीत १-४ नं गेले होते. कागदावर तो सगळ्यात खाली होता आणि त्या खोलीत रात्रभर शांत झोप लागलेला तो एकटाच माणूस होता.

दादाची गाडी सुटायच्या आधी आम्ही मिसळ खायला गेलो. बिल द्यायची वेळ आली तेव्हा मुंबईकरानं आमचे हात बाजूला केले आणि पाचही प्लेट्सचे पैसे स्वतः दिले. नियमात बसत नाही, मी म्हटलं. त्यानं ऐकलं नाही.

रात्री खोलीवर आलो तर कपाटावरचा कागद गेला होता. त्याच्या जागी नवा चिकटवलेला, १५ चौकटी आखलेला. संघ कोणते येणार ते अजून ठरायचं होतं, त्यामुळे १४ कोऱ्या. अकिलीसमधून उठायला साधारण वर्ष लागतं, हॅलिबर्टन पुढच्या एप्रिलपर्यंत उभा राहील की नाही शंकाच आहे, हे सगळं मी त्याला आकड्यांसकट सांगितलं. पंधराव्या चौकटीत त्यानं पेसर्स लिहून ठेवलंय. पेननं.