एक पऱ्हाटी, वीस तुकडे

चित्रकलेचा आणि बोंडअळीचा काय संबंध, असे आपण विचाराल. मीही तेच विचारले असते. पण गेल्या हंगामात कळंब तालुक्यातील एका शाळेत जे पाहिले, ते आपल्याला सांगतो.

आठवीच्या मुलांना कपाशीवरील किडींची माहिती देण्यासाठी मी गेलो होतो. वर्गात चित्रकलेचा तास चालू होता. मुले फोटोंच्या झेरॉक्सवर कात्री चालवीत होती, शेजारी खळीच्या वाट्या होत्या. वेळ घालवण्याचा उद्योग आहे, असे मला वाटले. शिक्षकांनी ते ओळखले असावे. ते म्हणाले, "साहेब, समोर उभे राहून बैलाचा फोटो काढला तर शेपूट दिसेल का?"

"नाही दिसणार."

"पण बैलाला शेपूट असते ना?"

हाच प्रश्न पॅरिसमध्ये पाब्लो पिकासो आणि जॉर्ज ब्राक या चित्रकारांनी १९०७ नंतरच्या काळात हाती घेतला. एकाच वस्तूच्या समोरच्या, बाजूच्या आणि वरच्या बाजू त्यांनी एकाच चित्रात मांडल्या. या रीतीला घनवाद म्हणतात. १९१२ साली पिकासोने वेताच्या विणीचा छाप असलेले मेणकापड चित्रावर चिकटवले आणि चौकटीऐवजी चक्क दोर गुंडाळला. चिकटवून केलेल्या अशा चित्राला कोलाज म्हणतात. आपल्या मुंबईचे जहांगीर साबावाला पॅरिसला जाऊन आंद्रे ल्होत यांच्याकडे घनवादाचे धडे घेऊन आले. पुढे १९८२ साली इंग्लंडच्या डेव्हिड हॉकनी यांनी एकाच दृश्याचे अनेक फोटो काढून ते जोडण्यास सुरुवात केली.

शिक्षकांची पद्धत सोपी होती. घरातील किंवा शेतातील एकच वस्तू निवडायची. घरच्या मोबाईलवर तिचे वीस फोटो काढायचे: समोरून, मागून, खाली बसून, अगदी जवळून. प्रत्येक वेळी आपण जागा बदलायची, वस्तू हलवायची नाही. मग झेरॉक्स काढून तुकडे कापायचे, जुन्या पुठ्ठ्यावर मांडून पाहायचे आणि मनासारखे जमले की कणकेच्या खळीने चिकटवायचे. कडा जुळल्या नाहीत तरी चालेल. वस्तू सगळीकडून कळली पाहिजे.

एका मुलीने घरच्या शेतातील पऱ्हाटी निवडली होती. रस्त्यावरून काढलेला फोटो हिरवागार, बोंडांनी लदलेला. त्याखाली पानाची मागची बाजू. त्यावर तुडतुडे. आणि मधोमध एक फोडलेले बोंड, आत गुलाबी अळी! मी विचारले, "बाबांनी पाहिले का हे?" ती म्हणाली, "बाबा म्हणतात, पीक झकास आहे. ते धुऱ्यावरूनच पाहतात."

संध्याकाळी मी त्यांच्या शेतावर गेलो. शेतात फिरून वीस हिरवी बोंडे तोडली आणि फोडली. चारांत अळी निघाली. शंभरात दहा बोंडे किडली की उपाय करावा, असा नियम आहे. येथे प्रमाण दुप्पट होते. गुलाबी बोंडअळी आत शिरली की तिचे बारीक छिद्र बुजून जाते आणि बोंड बाहेरून चांगलेच दिसते. २०१७ साली आपल्या जिल्ह्याने तिचा तडाखा सोसला आहे. त्या शेतातील सगळे नुकसान टळले, असे मी म्हणणार नाही. पण वेचणीला हात घालण्याआधी कळले, हे थोडे नव्हे.

आजकाल अनेक बंधू मला मोबाईलवर शेताचा एकच फोटो दाखवतात आणि विचारतात, "साहेब, कोणते औषध मारू?" त्यांना आता मी त्या पुठ्ठ्याची गोष्ट सांगतो. डोमकळ्या शोधा, कामगंध सापळ्यातील पतंग मोजा, पान उलटा, बोंड फोडा. मगच औषधाचे बोला.

आणि मुलगा किंवा मुलगी कात्री-खळ घेऊन बसली, तर रागावू नका. मोबाईल द्या आणि तिच्याबरोबर एकदा शेतात जाऊन या.