शोधनिबंधावरील नाव : श्रेय आणि उत्तरदायित्व

प्रास्ताविक

संशोधन प्रकाशनातील नीतीचा विषय निघाला की आपल्याकडील चर्चा बहुधा वाङ्मयचौर्यापासून सुरू होते आणि तेथेच थांबते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली त्यासंबंधीचे विनियम लागू केले, साधर्म्य मोजणाऱ्या संगणकप्रणाली ग्रंथालयांत आल्या आणि १० टक्क्यांची मर्यादा संशोधक विद्यार्थ्यांना तोंडपाठ झाली. हे आवश्यकच होते. परंतु निबंधाच्या शीर्षकाखाली नावांची जी ओळ छापली जाते ती खरी आहे की नाही, हे कोणतीही प्रणाली सांगू शकत नाही. मजकूर स्वतंत्र, संदर्भ बिनचूक, आणि तरीही निबंध अप्रामाणिक, असे घडू शकते. प्रस्तुत लेखात लेखकत्वाच्या या एकाच प्रश्नाचा विचार केला आहे.

लेखक कोणास म्हणावे ?

या प्रश्नाचे सर्वाधिक काटेकोर उत्तर वैद्यकशास्त्राच्या क्षेत्रातून आले. १९७८ साली वैद्यकीय नियतकालिकांच्या काही संपादकांची कॅनडातील व्हँकूव्हर येथे बैठक झाली व त्यातून पुढे आंतरराष्ट्रीय वैद्यकीय नियतकालिक संपादक समिती आकारास आली. या समितीच्या निकषांनुसार लेखकाने संशोधनाची कल्पना वा आराखडा, अथवा सामग्रीचे संकलन, विश्लेषण वा अर्थनिर्णयन यांत भरीव वाटा उचललेला असावा; मसुदा लिहिण्यात किंवा त्याच्या आशयाची चिकित्सक दुरुस्ती करण्यात त्याचा सहभाग असावा; आणि छापावयाच्या अंतिम मसुद्यास त्याची संमती असावी. २०१३ साली यांत चौथी अट जोडण्यात आली. निबंधाच्या कोणत्याही भागाच्या अचूकतेविषयी शंका उपस्थित झाल्यास तिची योग्य चौकशी होऊन उलगडा होईल, याचे उत्तरदायित्व लेखकाने स्वीकारले पाहिजे. चारही अटी एकत्रितपणे पूर्ण व्हाव्या लागतात. केवळ निधी मिळवून देणे किंवा विभागाची सर्वसाधारण देखरेख करणे एवढ्याने कोणी लेखक ठरत नाही; अशा साहाय्याची जागा ऋणनिर्देशात असते.

मानव्यविद्यांना हे निकष जसेच्या तसे लागू करता येतील का, असा आक्षेप घेतला जाईल. तो अगदीच निराधार नाही. प्रयोगशाळेतील काम अनेक हातांनी होते, तर संतसाहित्यावरील निबंध एका टेबलाशी एकट्याने लिहिला जातो. पण मग अशा निबंधावर तीन नावे पाहिली की शंका अधिकच बळावते, कमी होत नाही.

गुणांकनाचे अंकगणित

नावे वाढण्याचे कारण केवळ वैयक्तिक मोहात शोधणे अन्यायाचे होईल. नियमांचाही त्यात वाटा आहे. २०१० च्या विनियमांतील एपीआय पद्धतीत संयुक्त निबंधाचे गुण वाटून घेतले जात. प्रथम लेखक व पत्रव्यवहारकर्ता लेखक अथवा मार्गदर्शक यांना मिळून ६० टक्के आणि उरलेले ४० टक्के इतर सर्वांत समान, अशी ती विभागणी होती. नावे कितीही असोत, बेरीज तीच राहत असे. २०१८ च्या विनियमांनी हे सूत्र बदलले. लेखक दोन असल्यास प्रत्येकास ७० टक्के. दोहोंपेक्षा अधिक असल्यास प्रमुख लेखकास ७० टक्के आणि इतर प्रत्येक सहलेखकास ३० टक्के.

आता हिशेब करून पाहावा. भाषा व सामाजिक शास्त्रांतील निबंधाचे मूळ मूल्य १० गुण. एकट्याने लिहिला तर १०. दोघांनी लिहिला तर प्रत्येकी ७, म्हणजे एकूण १४. पाच नावे घातली तर ७ अधिक ४ वेळा ३, म्हणजे १९. तोच निबंध, तीच पृष्ठे, परंतु गुणांची बेरीज जवळजवळ दुप्पट. दोन मित्रांनी आपापला एकेक निबंध परस्परांच्या नावासह छापला, तर प्रत्येकाच्या खात्यात १० ऐवजी १४ गुण जमा होतात. सहकार्याने होणाऱ्या संशोधनास उत्तेजन मिळावे हा हेतू असेलही. पण खऱ्या सहकार्यात आणि नावांच्या देवघेवीत हे सूत्र फरक करू शकत नाही. तो फरक करण्याचे काम संपादकाकडे येते, आणि महाविद्यालयीन पत्रिकेचा संपादक बहुधा त्या लेखकांचाच सहकारी असतो.

नाव मागे घेता येते का ?

श्रेयाच्या या हिशेबात दुसरी बाजू विसरली जाते. दक्षिण कोरियातील संशोधक ह्वांग वू-सुक व त्यांच्या सहकाऱ्यांचा मूलपेशींवरील निबंध २००५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. रुग्णांच्या पेशींपासून ११ मूलपेशीवंश तयार केल्याचा त्यात दावा होता व निबंधावर २५ नावे होती. त्यांतील ज्येष्ठ सहलेखक गेराल्ड शॅटन हे अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठाचे. निष्कर्षांविषयी शंका येऊ लागल्यावर डिसेंबर २००५ मध्ये त्यांनी आपले नाव काढून टाकण्याची विनंती केली. एका लेखकास एकतर्फी नाव काढून घेता येणार नाही, असे नियतकालिकाने कळविले. जानेवारी २००६ मध्ये सोल राष्ट्रीय विद्यापीठाच्या चौकशीत तसे पेशीवंश अस्तित्वातच नसल्याचे निष्पन्न झाले आणि निबंध मागे घेण्यात आला. पिट्सबर्ग विद्यापीठाच्या समितीने शॅटन यांना बनावट सामग्री रचण्याच्या आरोपातून मुक्त केले. तथापि ज्येष्ठ लेखक म्हणून सामग्रीची खातरजमा करण्याची जबाबदारी त्यांनी टाळली, असा ठपकाही ठेवला.

या प्रसंगात आपल्या प्राध्यापकांनी लक्षात घेण्याजोगे पुष्कळ आहे. विद्यार्थ्याच्या निबंधावर आपले नाव ‘असू द्यावे’ म्हणणारे मार्गदर्शक त्यातील प्रत्येक तक्त्याची हमी देत असतात, मग तो तक्ता त्यांनी पाहिलेला असो वा नसो. १९७५ साली अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ जॅक हेदरिंग्टन यांनी एका निबंधात एकटेच लेखक असूनही सर्वत्र ‘आम्ही’ लिहिले होते. ते पुन्हा टंकलिखित करण्याचा त्रास वाचावा म्हणून त्यांनी आपल्या मांजराचे नाव सहलेखक म्हणून घातले, आणि निबंध ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये छापूनही आला. विनोद म्हणून तो खपून गेला. मात्र २०२३ च्या प्रारंभी काही निबंधांवर चॅटजीपीटीचे नाव सहलेखक म्हणून दिसू लागले, तेव्हा १९९७ मध्ये ब्रिटनमध्ये स्थापन झालेल्या प्रकाशन नीती समितीने अशा साधनांना लेखक मानता येणार नाही असे स्पष्ट केले. कारण साधे होते : यंत्र उत्तरदायी राहू शकत नाही. निबंध न वाचलेल्या सहलेखकालाही हीच कसोटी लावावयास हवी.

वगळलेली नावे

याच्या उलट, ज्याचे नाव असावयास हवे तेच गाळले जाणे हा अधिक गंभीर अन्याय आहे, कारण तो दुर्बलांवर होतो. प्रश्नावली घेऊन गावोगाव फिरलेला, सामग्रीचे विश्लेषण केलेला आणि मसुद्याचा मोठा भाग लिहिलेला विद्यार्थी निबंधात कोठेच नसतो. तक्रार केल्यास प्रबंधच अडेल, या भीतीने तो गप्प राहतो. गुरूविषयीच्या आदराचा येथे दाखला दिला जातो. परंतु आपल्या परंपरेने त्या आदरासाठी अर्पणपत्रिका व ऋणनिर्देश अशा दोन सन्मान्य जागा राखलेल्या आहेत.

महाविद्यालयीन पत्रिकेस काय करता येईल ?

विद्यापीठ अनुदान आयोगाने फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘केअर’ सूची बंद केली आणि पत्रिकांची पारख करण्याचे काम संस्थांवर सोपविले. त्यामुळे बाहेरील सूचीकडे बोट दाखविण्याची सोय राहिलेली नाही. यास खर्च लागत नाही. निबंध स्वीकारताना प्रत्येक लेखकाने नेमके काय केले याचे सर्वांच्या स्वाक्षरीचे निवेदन घ्यावे आणि ते निबंधाच्या शेवटी छापावे. २०१४ साली पुढे आलेल्या ‘क्रेडिट’ या वर्गीकरणात संकल्पना, सामग्री संकलन, मूळ मसुदा, पर्यवेक्षण अशा १४ भूमिका आहेत. मानव्यविद्यांना त्यांतील पाच-सहा पुरतात. निबंध दाखल झाल्यानंतर एखादे नाव वाढवावयाचे वा कमी करावयाचे असल्यास सर्व लेखकांची लेखी संमती मागावी. संपादकाने स्वीकृतीचे पत्र एकट्या प्रथम लेखकास न पाठविता प्रत्येक सहलेखकास स्वतंत्रपणे पाठवावे. आपण अमुक निबंधाचे लेखक आहोत, हे काहींना त्या पत्रावरूनच प्रथम कळेल.