एप्रिलमधला गोलंदाज

भातकापणी झाली की खारबावच्या आसपास, भिवंडी तालुकाभर, मोकळ्या खाचरांत टेनिस चेंडूच्या टूर्नामेंट सुरू होतात. डिसेंबरात यॉर्करवर दांड्या उडवणारा मुलगा एप्रिलमध्ये फुलटॉस टाकू लागला, की लोक म्हणतात याची लय गेली. बहुतेकदा त्याचं अंग थकलेलं असतं.

वेगवान गोलंदाजाचा पुढचा पाय क्रीजवर आदळतो तेव्हा त्याच्या वजनाच्या पाचपट किंवा त्याहून जास्त जोर जमिनीतून उलटा वर येतो. पोटरी, मांडी आणि कंबरेचे स्नायू त्यातला बराचसा पचवतात. ते दमले की हाडांवरचा ताण वाढतो. पाय आदळतो त्याच क्षणी कंबर एकीकडे झुकून पिळलेली असते, म्हणून खालच्या मणक्यांच्या मागच्या अरुंद हाडाला सूक्ष्म तडे जातात. उजव्या हाताच्या गोलंदाजाला बहुधा डाव्या बाजूला. विश्रांती मिळाली तर हाड भरून येतं. ती मिळाली नाही तर तडा वाढत जातो.

चेंडू हलका म्हणून धोका नाही, हा समज मला फार काळजीत टाकतो. खांद्याला थोडा आराम मिळत असेल, पण पाय तितक्याच जोरात आपटतो, तोही उन्हाने टणक झालेल्या जमिनीवर. सामन्यात दोनच षटकं असली, तरी शनिवार-रविवारचे सगळे सामने आणि सरावातले चेंडू मिळून बेरीज मोठी होते.

शिवाय दुखणं उशिरा येतं. ऑस्ट्रेलियातल्या 2009 सालच्या अभ्यासात, जास्त षटकं टाकल्यानंतर दुखापतीचा धोका तीन-चार आठवडे वाढलेला दिसला. मार्च 2024 मध्ये रणजी उपांत्य सामन्यात शतक ठोकल्यावर पालघरचा शार्दूल ठाकूर याच काळजीने बोलला होता: सामन्यांमध्ये तीनच दिवसांची सुट्टी राहिली, तर देशभर गोलंदाज जायबंदी होतील. अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये सामना सुरू करणाऱ्या पिचरचा, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याचा, प्रत्येक चेंडू मोजतात, शंभराच्या आसपास त्याला बाहेर काढतात आणि पुढे चार-पाच दिवस सामन्यात उतरवत नाहीत. आपल्या संघांनी निदान आठवड्याचे चेंडू वहीत लिहावेत.

विशीच्या आतल्या मुलांची हाडं अजून पक्की झालेली नसतात. कंबर एकाच बाजूला दुखत असेल, मागे वाकताना कळ येत असेल, तर मुलाने त्याच दिवशी गोलंदाजी थांबवून डॉक्टर गाठावा. एक्स-रे स्वच्छ आला तरी एमआरआयबद्दल विचारावं. सुरुवातीचा तडा अनेकदा त्यातच दिसतो.